बिघडलेल्या प्रकाशाचा हिशेब

1704 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात न्यूटनने दुर्बिणी बनवणाऱ्यांना एक अप्रिय गोष्ट सांगून ठेवली आहे. भिंग कितीही निर्दोष घासा, आरसा कितीही मोठा करा, ज्या हवेतून आपण तारे पाहतो ती सतत थरथरत असते आणि ती थरथर कोणत्याही कारागिरीने जायची नाही. त्याच्या मते उपाय एकच: उंच पर्वतमाथ्यावर, दाट ढगांच्याही वर, हवा शांत असेल तिथे जाऊन पाहावे. खगोलशास्त्राने हा सल्ला मनापासून पाळला. वेधशाळा डोंगरांवर चढल्या. आपल्याकडे लडाखमधल्या हानले इथे 4500 मीटर उंचीवर दुर्बीण उभी राहिली ती याच परंपरेत, आणि 1990 मध्ये हबल दुर्बीण तर हवेच्याच बाहेर गेली.

न्यूटनच्या त्या सल्ल्याला विसाव्या शतकात एक दुसरे उत्तर मिळाले, आणि ते उत्तर हाच या पुस्तकाचा विषय आहे. पडदा चुकवून पळायचे नाही. तो आहे तिथेच राहू द्यायचा, त्याने प्रकाशाचे नेमके काय केले याचा हिशेब मांडायचा आणि तो हिशेब उलटा चालवून मूळ चित्र परत मिळवायचे. हा पडदा वातावरणाचा असेल, माणसाच्या डोळ्यातल्या सदोष भिंगाचा असेल, धुक्याचा, कातडीचा किंवा भिंतीला द्यायच्या पांढऱ्या रंगाचा असेल. वरवर पाहता या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ, नेत्रतज्ज्ञ, मेंदूचे अभ्यासक आणि लेझरवाले अनेक वर्षे आपापल्या कोपऱ्यात एकच प्रश्न सोडवत बसले होते. त्यांची उत्तरे एकाच कुळातली आहेत हे दाखवणे, हा या पुस्तकाचा हेतू.

त्यासाठी आधी बिघाड म्हणजे काय, हे पाहू. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश पृथ्वीपाशी येतो तेव्हा त्याचे तरंगाग्र, म्हणजे तरंगांच्या शिखरांना जोडणारा पृष्ठभाग, अगदी सपाट असते. शेकडो वर्षांच्या प्रवासात त्याला सुरकुती पडलेली नसते. ती पडते शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरांत. गरम हवेचा अपवर्तनांक थंड हवेपेक्षा किंचित कमी असतो, म्हणजे तिच्यातून प्रकाश किंचित वेगाने जातो. वातावरणात गरम-थंड हवेचे गोळे एकमेकांत घुसळत असतात. त्यामुळे तरंगाग्राचा एखादा तुकडा पुढे सरकतो, शेजारचा मागे राहतो. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर समोरून येणारी गाडी लहरताना दिसते, तिचेही कारण हेच. पुढे-मागे होण्याचे हे अंतर असते काही मायक्रोमीटरांचे. पण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास असल्यामुळे चित्राची वाट लावायला तेवढे पुरते.

वाट किती लागते, याचे माप डेव्हिड फ्रीड यांनी 1966 साली दिले. उत्तम जागीसुद्धा तरंगाग्राचा साधारण 10 ते 20 सेंटीमीटर रुंदीचा तुकडाच सपाट म्हणता येईल असा असतो. याचा अर्थ असा, की 10 मीटर व्यासाची दुर्बीण प्रकाश भरपूर गोळा करील, पण बारकावे दाखवील ते हौशी माणसाच्या गच्चीवरच्या दुर्बिणीएवढेच. सिद्धांतानुसार अशा दुर्बिणीने हिरव्या प्रकाशात विकलेचा सत्तरावा भाग वेगळा दाखवायला हवा. विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. प्रत्यक्षात हवा अर्धी ते एक विकला एवढा डाग देते. मोठ्या आरशावर झालेल्या खर्चातला मोठा हिस्सा असा हवेत जातो.

पण या बिघाडात एक सवलत दडलेली आहे आणि सगळी कथा तिच्यावर उभी आहे. हवा प्रकाश गिळत नाही, त्याची फक्त मांडणी बदलते. ताऱ्याविषयीची माहिती दुर्बिणीत पोहोचलेलीच असते. ती अस्ताव्यस्त झालेली असते, इतकेच. आणि अस्ताव्यस्त झालेली वस्तू, ती कशी विस्कटली हे ठाऊक असेल, तर परत लावता येते.

1953 मध्ये होरेस बॅबकॉक या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने हे कागदावर मांडले. एका तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश घेऊन तरंगाग्राच्या सुरकुत्या मोजायच्या, आणि त्यांच्या बरोबर उलट्या सुरकुत्या एका बदलत्या पृष्ठभागावर उमटवायच्या. हा पृष्ठभाग म्हणून त्यांनी आरशावरच्या तेलाच्या पातळ थराची कल्पना केली होती. विजेच्या भाराने तो थर हवा तिथे जाड-पातळ करता येईल, असा तो बेत. कल्पना बिनचूक होती, पण हवेचा नकाशा काही मिलिसेकंदांत बदलतो. सेकंदाला शेकडो वेळा मोजणे, गणित करणे आणि पृष्ठभाग वाकवणे, हे 1953 च्या यंत्रांना झेपणारे नव्हते.

ते काम पुढे नेले खगोलशास्त्राने नव्हे, शीतयुद्धाने. जमिनीवरून सोव्हिएत उपग्रहांची स्पष्ट छायाचित्रे घेता यावीत म्हणून अमेरिकी लष्कराने यात पैसा ओतला. इटेक या कंपनीत जॉन हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात हवेचा बिघाड तत्क्षणी दुरुस्त करणारी पहिली यंत्रणा बांधली. 1982 मध्ये हवाई बेटांतल्या हालेआकाला पर्वतावर तशी यंत्रणा दुर्बिणीला जोडली गेली. त्याआधीच अ‍ॅरिझोना विद्यापीठात रोलंड शॅक आणि बेन प्लॅट यांनी हार्टमान या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या जुन्या चाचणीला नवे रूप दिले. छोट्या छोट्या भिंगांची एक जाळी तरंगाग्राच्या वाटेत ठेवायची. प्रत्येक भिंग प्रकाशाचा एकेक ठिपका पाडते. तरंगाग्र सपाट असेल तर ठिपके ओळीत पडतात, कलले असेल तिथे ठिपका सरकतो. ठिपके किती सरकले ते मोजा, सुरकुत्यांचा नकाशा तयार. आजही या विषयातले हे सर्वांत नेहमीचे हत्यार आहे. पुढच्या प्रकरणांत ते दुर्बिणीत भेटेल, डोळ्याच्या दवाखान्यात भेटेल आणि सूक्ष्मदर्शकातही भेटेल.

नागरी खगोलशास्त्राला हे तंत्र स्वतंत्रपणे गवसले. 1989 मध्ये फ्रान्समध्ये ‘कम-ऑन’ या यंत्रणेची चाचणी झाली, आणि पुढच्याच वर्षी ती चिलीतल्या ला सिया इथल्या 3.6 मीटर दुर्बिणीवर बसली. आरशाला मागून ढकलणारे दट्टे होते अवघे 19. आज चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या चार दुर्बिणींपैकी एकीचा दुय्यम आरसाच मुळी लवचीक आहे: व्यास मीटरभराहून थोडा जास्त, जाडी 2 मिलिमीटर, आणि त्याला आकार देणारे दट्टे 1170.

तरीही एक अडचण उरली, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म तिच्यात आहे. सुरकुत्या मोजायच्या तर पडद्याच्या पलीकडे ज्याचे खरे रूप आधीच ठाऊक आहे असे काहीतरी हवे. तारा बिंदू आहे हे आपल्याला माहीत असते, म्हणूनच त्याचा पसरलेला डाग पाहून हवेने काय केले ते सांगता येते. पण पुरेसा तेजस्वी तारा हव्या त्या जागी असेलच असे नाही. मग ताराच तयार करायचा. वातावरणात सुमारे 90 किलोमीटर उंचीवर सोडियमच्या अणूंचा विरळ थर आहे. 589 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर त्यावर सोडला की रस्त्यावरच्या जुन्या दिव्यांसारखा पिवळा प्रकाश तिथून परत येतो. हा झाला कृत्रिम तारा. 1985 मध्ये फ्रान्सच्या फुआ आणि लाबेरी यांनी ही कल्पना जाहीरपणे मांडली. अमेरिकी लष्करासाठी विल हॅपर यांनी तीच आधी सुचवली होती, आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात रॉबर्ट फुगेट लेझरचे तारे वापरूनही पाहत होते. जगाला ते कळले 1991 मध्ये, गोपनीयता उठल्यावर.

याचे फळ सर्वांना ठाऊक आहे, पण श्रेय क्वचित दिले जाते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती, 26 हजार प्रकाशवर्षांवर, एस-2 नावाचा तारा 16 वर्षांत एक फेरी मारतो. आंद्रेया गेझ आणि राइनहार्ड गेंझेल यांच्या गटांनी त्याची कक्षा आखली, आणि मधोमध सूर्याच्या सुमारे 40 लाख पट वस्तुमान फार थोड्या जागेत कोंबलेले आहे हे दाखवले. 2020 चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना रॉजर पेनरोज यांच्यासोबत मिळाले. अनुकूली प्रकाशिकी, म्हणजेच अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स, नसते तर तिथल्या तारकांच्या दाटीत एकेका ताऱ्याचा इतका काटेकोर माग काढता आला नसता.

या वाटेवर पुण्याचेही एक पाऊल आहे. आयुका ही इथली खगोलशास्त्र संस्था आणि कॅलिफोर्नियातली कॅल्टेक यांनी मिळून ‘रोबो-एओ’ ही यंत्रणा उभारली आणि पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर चालवली. लेझर सोडणे, तारा शोधणे, आरसा वाकवणे, सगळे माणसाविना. एका रात्रीत दोन-दोनशे लक्ष्ये पाहून होत असल्यामुळे, केप्लर दुर्बिणीने सुचवलेल्या ग्रहांच्या ताऱ्यांशेजारी आणखी एखादा तारा लपून तर बसला नाही ना, याची भराभर तपासणी करता आली. मोठ्या दुर्बिणीची चैन छोट्या दुर्बिणीला परवडू शकते, हा त्याचा धडा.

पुस्तकाचा दुसरा भाग आकाशातून थेट डोळ्यात उतरतो. हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून दृष्टिपटल पाहण्याचे साधन दिले, पण त्या दृष्टिपटलावरच्या पेशी वेगवेगळ्या दिसायला जवळपास दीडशे वर्षे जावी लागली. अडसर होता डोळ्याचाच. पारपटल आणि भिंग यांचा आकार चष्म्याच्या नंबरात न मावणाऱ्या बारीक दोषांनी भरलेला असतो. रॉचेस्टर विद्यापीठात लियांग, विल्यम्स आणि मिलर यांनी 1997 मध्ये खगोलशास्त्राचेच तंत्र डोळ्याला लावले. कृत्रिम तारा म्हणून दृष्टिपटलावर लेझरचा मंद ठिपका पाडला, परतलेल्या प्रकाशावरून दोष मोजले आणि आरसा वाकवून ते काढले. जिवंत डोळ्यातल्या शंकुपेशी एकेक करून दिसल्या. दोन वर्षांनी रूर्डा आणि विल्यम्स यांनी कोणती पेशी कोणत्या रंगाची हेही ओळखले. लाल आणि हिरव्या प्रकाशाला जागणाऱ्या पेशींचे प्रमाण दोन माणसांत खूप वेगळे निघाले, रंगदृष्टी मात्र दोघांचीही सामान्य. रंगाची जाणीव पेशींच्या मोजदादीवर ठरत नाही, हे सांगणारा पुरावा असा दुर्बिणीच्या वाटेने आला.

इथपर्यंतचे पडदे निदान पारदर्शक होते. तिसऱ्या भागात पडदा अपारदर्शक होतो आणि विषयाला खरी चढण लागते. दूध, धुके, कातडी, पांढरा रंग यांतही प्रकाश बहुतेक गिळला जात नाही, तो विखुरतो. मऊ ऊतींमध्ये प्रकाशकण सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा सरळ जातो आणि वळतो. मिलिमीटरभर खोल गेल्यावर त्याला मूळ दिशेचा विसर पडतो.

यावर पहिला उपाय चाळणीचा. बहुसंख्य प्रकाश भरकटतो, पण थोडासा सरळ येतो, तेवढाच वेचायचा. 1991 मध्ये एमआयटीमध्ये हुआंग, फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ओसीटी ही तपासणी याच जातीची. ठरावीक अंतर कापून आलेला प्रकाशच ती व्यतिकरणाने ओळखते आणि बाकीचा सोडून देते. दृष्टिपटलाचे थर आज तालुक्याच्या गावातल्या डोळ्यांच्या रुग्णालयातही पडद्यावर दिसतात ते तिच्यामुळे. डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी 1990 मध्ये दिलेला द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक मेंदूत मिलिमीटरभर खोल पाहतो. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत हेमा रामचंद्रन यांच्या गटाने धुक्यासाठी हीच दिशा धरली: दिव्याचा प्रकाश ठरावीक वारंवारतेने कमी-जास्त करायचा आणि संगणकाने त्या ठेक्यातला, सरळ आलेला प्रकाश तेवढा वेगळा काढायचा. चाळणीची मर्यादा उघड आहे. खोली वाढते तसा सरळ येणारा प्रकाश फार वेगाने घटतो, आणि एका टप्प्यानंतर वेचायला काही उरत नाही.

दुसरा उपाय भरकटलेल्या प्रकाशालाच कामाला लावण्याचा. याची बीजे जुनी आहेत. 1972 मध्ये मॉस्कोत बोरिस झेल्दोविच आणि सहकाऱ्यांनी आम्लाने खरवडलेल्या काचेतून लेझर पार केला. किरण पार विस्कटला. मग तो त्यांनी अशा रीतीने परतवला, की त्याचे तरंगाग्र पावलावर पाऊल टाकत मागे फिरले. त्याच काचेतून परत येताना तो पुन्हा स्वच्छ झाला. खरवडलेली काच प्रकाशाचे जे करते ते उलटवता येते, याचा तो ढळढळीत पुरावा होता.

2007 मध्ये नेदरलंड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात इव्हो व्हेलेकोप आणि आलार्ड मॉस्क यांनी पांढऱ्या रंगद्रव्याचा सुमारे 10 मायक्रोमीटरचा थर घेतला. त्यातून लेझर सोडला की पलीकडे पडतो तो नुसता दाणेदार उजेड. त्यांनी येणाऱ्या किरणाचे तीन हजारांहून अधिक तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा किती आधी किंवा किती उशिरा सोडायचा ते एकेक करून ठरवले. मैदानभर विखुरलेल्या ढोलपथकाची कल्पना करा. सगळ्यांनी एकाच क्षणी टिपरू मारले तर दूर उभ्या माणसाला गोंगाट ऐकू येईल, कारण प्रत्येकाचे अंतर वेगळे. पण लांबच्यांनी जरा आधी आणि जवळच्यांनी जरा नंतर मारले, तर त्या एका माणसाच्या कानात सगळे ठोके एकत्र येऊन एकच दणका बसेल. रंगाच्या थरामागे नेमके हेच झाले. निवडलेल्या एका बिंदूवर प्रकाश हजारपटीपर्यंत वाढला. त्या थराने भिंगाचे काम केले.

त्यानंतर हे क्षेत्र धावत सुटले. पॅरिसमध्ये सिल्वँ जिगाँ आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये अशा थराचा पूर्ण जमाखर्चच मोजला: कुठून शिरलेला प्रकाश कुठे, किती बाहेर पडतो याची सारणी. ती हाती असली की पलीकडच्या गोंधळातून अलीकडचे चित्र गणिताने काढता येते. एक पाऊल आणखी पुढे पडले ते 1988 मध्ये लागलेल्या एका शोधाच्या आधारे. विखुरणाऱ्या थरावर पडणारा किरण किंचित कलता केला, तर पलीकडची दाणेदार नक्षी बदलत नाही. जशीच्या तशी सरकते. म्हणजे गोंधळालाही थोडी स्मृती असते. 2012 मध्ये बेर्तोलोत्ती, मॉस्क आणि सहकाऱ्यांनी तिच्या आधारे पडद्यामागची वस्तू पडद्यामागे न जाता पाहिली. 2014 मध्ये ओरी काट्झ आणि सहकाऱ्यांनी तेच काम एका छायाचित्रात केले.

तिसरा उपाय सर्वांत अनपेक्षित: पडदाच बदलून टाकायचा. ऊती प्रकाश विखुरतात कारण पाण्याचा अपवर्तनांक 1.33 आणि मेद-प्रथिनांचा त्याहून जास्त. 2024 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टार्ट्राझिन हा खाद्यपदार्थांत वापरला जाणारा पिवळा रंग उंदरांच्या कातडीला लावला. हा रंग निळा प्रकाश जोरात शोषतो, आणि त्याचाच परिणाम म्हणून लाल प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढतो. पाणी आणि मेद यांतली दरी कमी झाली, कातडी लाल प्रकाशाला पारदर्शक झाली, पोटातले अवयव दिसू लागले. रंग धुतला की कातडी पूर्ववत.

इतके सारे वाचून भिंतीपलीकडचे दिसण्याचे दिवस आले असे कोणाला वाटेल, तर त्याला या पुस्तकातली मर्यादांवरची पाने सावकाश वाचायला सांगेन. आकाशातली दुरुस्ती मार्गदर्शक ताऱ्याभोवतीच्या लहानशा क्षेत्रापुरती खरी असते, कारण जरा बाजूला पाहिले की वाटेतली हवा वेगळी. रंगाच्या थरातली स्मृती फार थोड्या कोनापुरती टिकते, आणि थर जाड होत जाईल तशी आणखी कमी. प्रयोगशाळेतला रंग वाळून स्थिर असतो. जिवंत ऊतीत रक्त वाहत असते, आणि तिचा हिशेब मांडून होईपर्यंत ती ऊती दुसरीच झालेली असते. रंगाच्या थरातून साधलेले सगळे अजून कातडीतून साधलेले नाही, त्याचे मुख्य कारण हा वेग आहे.

अलीकडे या यादीत एक नवी जोखीम आली आहे. गोंधळलेल्या नमुन्यांवरून चित्र काढण्याचे काम शिकवलेल्या संगणकजाळ्यांवर सोपवले जाते. त्यांची कामगिरी पुष्कळदा थक्क करणारी असते. पण फक्त चेहऱ्यांवर शिकलेल्या जाळ्यापुढे अपुरी माहिती टाकली तर ते चेहराच काढून देईल. बॅबकॉकच्या वाटेने आलेल्या चित्रात हवेचे मोजमाप असते. या चित्रात कधी कधी आपल्या अपेक्षेचेच प्रतिबिंब असते, आणि नुसत्या डोळ्याला दोन्ही सारखीच सुबक दिसतात. निदान करणाऱ्या डॉक्टरला हा फरक माहीत असायलाच हवा.

म्हणून वाचकांना एक विनंती. या पुस्तकातली किंवा उद्या वर्तमानपत्रात येणारी ‘आरपार पाहिले’ अशी बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. पडद्यापलीकडे आधीपासून ओळखीचे असे काय होते? पडदा किती वेळ स्थिर राहिला, आणि मोजमाप त्याच्या आत पुरे झाले का? दुरुस्ती किती क्षेत्रापुरती खरी होती? तिन्ही उत्तरे मिळाली तर त्या दाव्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पहिलेच उत्तर मिळाले नाही, तर चित्र कितीही स्पष्ट असले तरी थांबावे. गणिताचा भाग अवघड वाटणाऱ्यांनी तो पहिल्या वाचनात ओलांडून पुढे जावे. हे तीन प्रश्न मात्र प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वतःला विचारावेत. हा विषय शिकण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.